घासलेला खिळा बदलायचा कुणी?

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. जानेवारीचा महिना, सकाळचे सव्वासात. भंडारा जिल्ह्यातल्या एका गणिताच्या सरांचा फोन आला. दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर छापून शाळेत आले होते, अर्ध्या तासात मुलांच्या हातात पडायचे होते, आणि चौथ्या प्रश्नात त्रिकोणाच्या क्षेत्रफळाचं सूत्र असं उमटलं होतं: बरोबरचं चिन्ह, एक छेद दोन, गुणिले, पुन्हा गुणिले. बस. ‘क्षेत्रफळ’, ‘पाया’ आणि ‘उंची’ हे तिन्ही शब्द कागदावर नव्हतेच. त्यांची रिकामी जागासुद्धा उरली नव्हती. ‘‘मॅडम, मागच्या वर्षी हाच पेपर बरोबर निघाला होता नं,’’ सर म्हणाले, ‘‘मी तर त्यात काहीच बदललं नाही.’’

ते खरंच सांगत होते. शाळेच्या संगणकावर लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती बसवली होती आणि मी लिहिलेलं एक छोटं पॅकेज, म्हणजे लाटेकला जोडायची पुरवणी, तिच्याशी जुळेनासं झालं होतं. चूक माझ्याकडची होती. सरांनी सूत्र फळ्यावर लिहून दिलं, परीक्षा पार पडली, कुणाचं वर्ष वाया गेलं नाही. पण त्या सकाळपासून एक प्रश्न माझी पाठ सोडत नाही. मराठीत गणित छापायची जी काही यंत्रणा आज आपल्याकडे आहे, तिची देखभाल करणं हे नेमकं कुणाचं काम? माझं उत्तर ठरलेलं आहे: ते सार्वजनिक काम आहे, विद्यापीठांनी आणि शासनाने पगार देऊन ते करून घ्यावं. हे उत्तर मला का पटलं, ते सांगते.

मी नागपूरच्या एका महाविद्यालयात सव्वीस वर्षं गणित शिकवलं. प्रश्नपत्रिका, टिपणं, विद्यार्थ्यांचे प्रबंध असं करता करता लाटेक शिकले आणि मराठी माध्यमाच्या शिक्षकांना सूत्रांमध्ये देवनागरी शब्द लिहिता यावेत म्हणून एक पॅकेज तयार केलं. ज्यांनी हे कधी हाताळलं नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जाते.

डोनाल्ड कनूथ या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाच्या ग्रंथमालेचा दुसरा खंड १९७७ साली नव्याने छापायला घेतला होता. पहिली आवृत्ती शिशाच्या खिळ्यांनी, म्हणजे सुट्या अक्षरांच्या ठशांनी जुळवलेली होती, नवी फोटोटाइपसेटिंगवर होत होती. गॅल्या, म्हणजे कच्ची प्रुफं हातात आली आणि आपल्याच पुस्तकाची ती अक्षरं त्यांना बघवेनात. म्हणून त्यांनी अक्षरजुळणीचा प्रोग्राम स्वतः लिहायला घेतला. तो म्हणजे ‘टेक’. अक्षरं घडवण्यासाठी ‘मेटाफॉन्ट’ नावाचा जोडीदारही लिहिला. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी टेकवर ‘लाटेक’ची मांडणी उभी केली आणि जगभरचे गणिती, भौतिकशास्त्रज्ञ तिच्यातच लिहू लागले. १९९० मध्ये कनूथ यांनी जाहीर केलं की टेकमध्ये यापुढे नवं काही घालणार नाही, फक्त चुका दुरुस्त करीन. प्रत्येक दुरुस्तीबरोबर आवृत्तीचा आकडा पाय (π) या संख्येच्या किमतीकडे एक घर सरकतो. २०२१ पासून तो ३.१४१५९२६५३ वर आहे.

म्हणजे गाभा स्थिर आहे. पण अक्षरं कागदावर आणणारे जे सांधे आहेत, ते सगळे हलते आहेत.

फॉन्टची फाइल म्हणजे नुसते आकार. ‘ठळक अक्षर द्या’ म्हटल्यावर कुठली फाइल उघडायची, तिरपं नसेल तर काय करायचं, हे टेकला कुणीतरी सांगावं लागतं. लाटेक दर वेळी पाच गोष्टी विचारतं: संकेतन (कुठल्या आकड्याला कुठलं अक्षर), कुटुंब, वजन-रुंदी, वळण, आकारमान. या पाचांची उत्तरं देणाऱ्या फाइली म्हणजे फॉन्टचं आधार-पॅकेज. गणिताचा फॉन्ट असेल तर काम दुपटीने वाढतं. घातांक किती वर चढवायचा, अपूर्णांकाची रेघ किती जाड, वर्गमूळाचं छत आतल्या पदावर किती उंच ठेवायचं, हे सगळं आकड्यांत द्यावं लागतं. जुन्या पद्धतीत गणिताच्या चिन्हफॉन्टला बावीस मापं लागत आणि मोठ्या कंसांच्या फॉन्टला तेरा. आताच्या ओपनटाइप गणिती फॉन्टांत अशी पन्नासहून अधिक मापं असतात. त्यातलं एक माप चुकलं तर पान छापलं जातं, पण वाचणाऱ्याचे डोळे दुखतात आणि का दुखतात ते त्याला कळत नाही.

आता यात मराठी आणा. गणिताच्या ओळीत टेक प्रत्येक अक्षर सुटं धरतं. क, हलन्त आणि ष ही त्याला तीन वेगळी चिन्हं वाटतात. त्यांचा ‘क्ष’ करायचा असतो हे तिथे त्याच्या गावीही नसतं. शिवाय गणिताच्या फॉन्टांत देवनागरी अक्षरं बहुधा नसतातच. अक्षर सापडलं नाही की टेक ते गाळतं, भराभर सरकणाऱ्या शेकडो संदेशांत कुठेतरी त्याची एक ओळ टाकतं आणि पुढे जातं. भंडाऱ्याच्या सरांचा ‘पाया’ आणि ‘उंची’ अशी गेली. माझं पॅकेज हे शब्द वेळीच ओळखून मजकुराच्या फॉन्टकडे पाठवायचं. नवी आवृत्ती आली, खालची एक व्याख्या बदलली आणि निरोप पोचेनासा झाला.

असे बदल सारखे होत असतात, आणि त्यात कुणाचा खोडसाळपणा नसतो. २०१८ पासून लाटेकने युटीएफ-८ हे सगळ्या लिपींना चालणारं संकेतनच मूळ धरलं. २०२० च्या फेब्रुवारीत फॉन्ट निवडायची पद्धत विस्तारली, तेव्हा वजन-रुंदीची नावं आपल्या मनाने लिहिलेली जुनी पॅकेजं एकेक करून तपासावी लागली. त्याच वर्षीच्या टेक लाइव्हपासून (टेकचा दर वर्षी निघणारा संच) लुआलाटेक या लाटेकच्या नव्या प्रकारात हार्फबझ हे अक्षरं जुळवणारं इंजिन आलं. त्याआधी लुआलाटेकमध्ये ‘ऱ्हस्व’ हा साधा शब्द नीट उमटवायलाही कसरत करावी लागे. जानेवारी २०२३ मध्ये ॲडोबीने आपल्या प्रोग्रामांतून टाइप १ या जुन्या साच्याच्या फॉन्टांचा आधार काढून घेतला, आणि टेकच्या जगातले किती तरी फॉन्ट त्याच साच्यातले आहेत. यातला जवळजवळ प्रत्येक बदल चांगल्यासाठीच झाला. पण प्रत्येक बदलानंतर कुणीतरी बसून जुनी पानं नव्याने काढून बघावी लागतात. तो ‘कुणीतरी’ कोण, यावरच सगळं अडतं.

नागपूरच्या महाल भागात एका छापखान्यात मी तरुणपणी प्रुफं घेऊन जायची. तिथे एक म्हातारे कंपोझिटर होते, आम्ही त्यांना काका म्हणायचो. त्या छापखान्यात मराठी आणि हिंदी दोन्ही कामं होत, नागपूर मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती तेव्हापासूनचा तो शिरस्ता. काकांच्या दोन केसा, म्हणजे खिळे ठेवायच्या खणांच्या पेट्या, वेगळ्या होत्या. मराठीच्या केसमध्ये पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’, हिंदीच्या केसमध्ये दंडाचा ‘ल’ आणि शेंडीफोड्या ‘श’. फर्मा सोडवून खिळे परत घरात टाकताना ते प्रत्येक खिळा अंगठ्याच्या पेराने चाचपून बघत. मध्येच एखादा बाजूच्या डब्यात टाकत. मी विचारलं तर म्हणाले, ‘‘घासला बाई तो. घासलेला खिळा ठेवला की शेजारच्या अक्षराचंही नाव खराब होते.’’ डबा भरला की खिळे वितळवायला जात, नवे ओतून येत, आणि मालकाच्या वहीत त्या खर्चाची दर वर्षी ओळ असे. छापखाना चालवायचा तर हा खर्च यायचाच, त्यावर चर्चासुद्धा होत नसे.

संगणक आला आणि वहीतली ती ओळ पुसली गेली. संगणकातलं अक्षर घासत नाही, लाख वेळा छापलं तरी पहिल्यासारखंच राहतं. त्यामुळे आपण धरून चाललो की एकदा फॉन्ट केला की संपलं. अक्षर घासत नाही हे खरं, पण ते ज्या जमिनीवर उभं आहे ती दर वर्षी थोडी सरकते. खर्च होता तिथेच आहे, फक्त तो कुठल्याच वहीत दिसत नाही. तो निघतो एखाद्या प्राध्यापकाच्या रविवारांतून, एखाद्या विद्यार्थ्याच्या रात्रींतून.

मराठीला आज फॉन्टांची वाण नाही. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा आहे. आयआयटी मुंबईचा शोभिका आहे, संस्कृत-मराठीच्या अभ्यासकांसाठी मोठ्या कष्टाने केलेला. मुंबईच्या एक टाइपने मुक्त परवान्याखाली दिलेले फॉन्ट आहेत. ही कामं ज्यांनी केली त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. माझी तक्रार पैसे देणाऱ्यांच्या सवयीबद्दल आहे. नव्या फॉन्टसाठी निधी मिळतो, कारण त्याचं प्रकाशन करता येतं, दीप लावता येतो, वर्तमानपत्रात फोटो येतो. तोच फॉन्ट पाच वर्षांनी लाटेकच्या नव्या आवृत्तीत धड चालतो का, हे तपासायला निधी मागा, समोरचा माणूस विचारतो, ‘‘पण ते तर झालंय ना?’’ मी एका समितीसमोर हे वाक्य प्रत्यक्ष ऐकलं आहे. समितीतली माणसं भली होती. त्यांच्या अर्जाच्या नमुन्यात ‘नवे काय निर्माण होणार’ असा रकाना होता आणि ‘असलेले काय टिकणार’ असा नव्हता.

‘ल’ आणि ‘श’चंच घ्या. २०२२ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ पुन्हा स्पष्ट केले. निर्णय योग्यच आहे. पण तो पानावर उतरतो कसा? पुष्कळ देवनागरी फॉन्टांत मूळ आकार हिंदी वळणाचे असतात. मराठी वळणाचे आकार त्याच फाइलीत मागे ठेवलेले असतात, आणि ‘भाषा मराठी’ असं सांगितलं तरच ते पुढे येतात. लाटेकमध्ये हे सांगायचं काम आधार-पॅकेजचं. त्यात ती एक ओळ राहिली तर पुस्तक मराठी, व्याकरण मराठी आणि ‘ल’ मात्र हिंदी. एखाद्या फॉन्टात मराठीची सोयच नसेल तर लाटेक तसा इशारा देतं, पण इशारे वाचतो कोण? आम्हा नागपूरकरांना हा घोळ इतरांपेक्षा लवकर दिसतो, कारण इथे एकाच रस्त्यावर दोन्ही ‘ल’ पाट्यांवर शेजारी शेजारी नांदतात. काकांनी जे दोन केसा वेगळ्या ठेवून साधलं, ते आज एका ओळीने साधतं. ती ओळ लिहिणारा आणि ती अजून चालते आहे का हे बघणारा माणूस मात्र लागतोच.

आपल्या लिपीसाठी हे काम आजवर कुणी केलं, ते पाहिलं की मला कृतज्ञता वाटते आणि संकोचही. टेकमध्ये देवनागरी लिहिण्याची सोय १९९१ साली फ्रान्स वेल्थुइस या डच माणसाने केली, हॉलंडमधल्या ग्रोनिंगनमध्ये बसून. पुढे ते पॅकेज ज्यांनी सांभाळलं त्यांत झेडेनेक वाग्नर हे चेक गृहस्थ होते. जगभरच्या भाषांचे नियम लाटेकला पुरवणारं बाबेल नावाचं पॅकेज आज हाविएर बेझोस सांभाळतात. मराठीची तारीख कशी लिहायची, ‘प्रकरण’ आणि ‘अनुक्रमणिका’ हे शब्द कुठून घ्यायचे, हे त्यातल्या एका छोट्या फाइलीवर ठरतं. ही माणसं आपली कुणी लागत नव्हती. त्यांनी आपल्या अक्षरांची काळजी घेतली, आणि ज्या विद्यापीठाने १९२३ पासूनची शंभर वर्षं साजरी केली त्या आमच्या विद्यापीठात या कामासाठी एक टेबलसुद्धा नाही. राज्यातल्या इतर विद्यापीठांतही असं पद मला कुठे भेटलं नाही.

लाटेकच्या जगाने वारशाचा विचार मात्र फार समंजसपणे केला आहे. लाटेकचा जो स्वतःचा परवाना आहे, त्यात पॅकेज सांभाळणाऱ्याचं पदच मान्य केलेलं आहे. सांभाळणारा दिसेनासा झाला तर दुसऱ्याने त्याला शोधायचा प्रामाणिक प्रयत्न करायचा, सापडला नाही तर ‘मी हे घ्यायला तयार आहे’ असं जाहीर करायचं आणि तीन महिने वाट बघून जबाबदारी घ्यायची. कोर्टकचेरी नाही, भांडण नाही. मी हे कलम पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रिद्धपूरच्या महानुभावांची आठवण झाली. पोथ्या कुणाच्या हातून कुणाच्या हातात जायच्या, नक्कल कशी करायची, हे ठरलेलं असल्यामुळे तिथलं मराठी गद्य शतकं ओलांडून आपल्यापर्यंत आलं. परवाना वारस घेण्याची वाट मोकळी करतो. वारस उभा करणं त्याच्या हातात नसतं.

आता माझं स्वतःचं सांगते, कारण माझा मुद्दा त्याच्यावरच उभा आहे. भंडाऱ्याच्या सरांचा फोन आला त्याच्या सात महिने आधी, त्यांच्याच शेजारच्या तालुक्यातल्या एका शिक्षिकेने मला कळवलं होतं की नव्या आवृत्तीत शब्द गळताहेत. पत्र व्यवस्थित होतं, सोबत चार ओळींचं उदाहरण होतं. मी ते वाचलं आणि बाजूला ठेवलं. सासूबाईंचं डायलिसिस चालू होतं, आठवड्यातून तीनदा त्यांना घेऊन जायचं, रात्री परत आल्यावर डोळे उघडे राहत नसत. दुरुस्ती शेवटी केली तेव्हा ती अकरा ओळींची निघाली, एका दुपारचं काम. ती दुपार मला सात महिन्यांत मिळाली नाही. याबद्दल मी स्वतःला फार दोष देत नाही आणि कुणी देऊही नये. पण ज्या व्यवस्थेत एका घरातल्या आजारपणामुळे दुसऱ्या जिल्ह्यातल्या मुलांच्या प्रश्नपत्रिकेतले शब्द गळतात, तिला व्यवस्था म्हणता येणार नाही.

यावर लोक म्हणतात, एवढा आटापिटा कशाला, वर्ड आहे की. वर्डमध्ये गणित बरं उमटतं, मी नाकारत नाही. पण का उमटतं? मायक्रोसॉफ्टने ऑफिस २००७ साठी कॅम्ब्रिया मॅथ हा फॉन्ट आणि गणिताच्या मापांचा नवा तक्ताच घडवला, आणि ते सांभाळायला पगारी माणसं ठेवली. तोच तक्ता आज लाटेकचे फॉन्टही वापरतात. म्हणजे वर्डचं उदाहरण माझ्याच बाजूने बोलतं: देखभालीला पैसे दिले की ती होते. शिवाय ज्याच्या सूत्रातला मराठी शब्द तिथे बिघडेल, त्याने दुरुस्त करायला आत हात घालायची सोय नाही. आपल्या शाळांच्या प्रश्नपत्रिका आणि पुस्तकं अशा दारामागे असावीत का, हा निर्णय निदान डोळसपणे व्हावा.

दुसरं म्हणतात, उच्च गणित मराठीत कोण लिहितं? हा प्रश्न मी आदराने घेते, कारण तो विचारणारे बरेचदा माझेच सहकारी असतात. मराठी माध्यमात दहावीपर्यंत लाखो मुलं गणित शिकतात, एवढं एकच कारण मला पुरेसं वाटतं. पण त्याहून पुढेही गोष्टी घडल्या आहेत. २०२१-२२ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला मराठी भाषेचं विद्यापीठ झालं. मराठीतून विकलक समीकरणं शिकवा असं एका हाताने सांगायचं आणि त्या समीकरणात मराठी शब्द छापायची सोय वाऱ्यावर सोडायची, याचा मेळ मला लागत नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जड वाटतो. मुक्त सॉफ्टवेअर स्वयंसेवकांवर चालतं, सरकारी पद आलं की आपुलकी जाईल, फाइल फिरत राहील. ही भीती खोटी नाही. पण जगात जिथे हे काम टिकलं, तिथे आपुलकीच्या जोडीला कुणीतरी खर्च उचललेला दिसतो. गणिताचे स्टिक्स फॉन्ट घ्या. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटी, भौतिकशास्त्राच्या आणि रसायनशास्त्राच्या संस्था, आयईईई ही अभियंत्यांची संस्था आणि एल्सेव्हिअर हे प्रकाशनगृह यांनी एकत्र येऊन १९९५ च्या सुमारास ते काम हाती घेतलं, २०१० ला पहिली आवृत्ती बाहेर आली, आणि पुढे स्टिक्स टू निघाला. एकमेकांचे स्पर्धक असलेल्यांनी चिन्हांचा खर्च वाटून घेतला, कारण चिन्हं सगळ्यांनाच लागतात. आपल्या देशात केरळ पाहा. टेक वापरणाऱ्यांची जागतिक परिषद २००२ साली तिरुवनंतपुरमला भरली, कारण तिथे लाटेकवर जगणारी माणसं आणि धंदे उभे राहिले होते. रचना इन्स्टिट्यूट ऑफ टायपोग्राफीचे मल्याळम फॉन्ट टेकच्या जागतिक भांडारात आहेत आणि त्यांच्या नव्या आवृत्त्या येत असतात. मल्याळम बोलणारे मराठी बोलणाऱ्यांच्या निम्म्याहूनही कमी आहेत.

मी मागते आहे ते फार नाही. राज्यातल्या विद्यापीठांनी आणि पाठ्यपुस्तक मंडळाने मिळून दोन पूर्णवेळ पदं ठेवावीत. एक गणित जाणणारा, एक अक्षररचना जाणणारा. दोन अशासाठी, की एकाच्या घरी आजारपण आलं तर दुसरा असावा. बसायला जागा रिद्धपूरला द्या, नागपूरला द्या, मला दोन्ही चालतील. पण काम कुठे दिसेल हे आधी ठरवा. मराठी गणिताची शंभरेक चाचणी पानं असावीत, सगळ्यांना दिसतील अशी: जोडाक्षरं, ‘तऱ्हा’ आणि ‘दुसऱ्या’मधला अर्धा र, सूत्रातले शब्द, देवनागरी अंकांतले अपूर्णांक, लसावि-मसावि, भूमितीतल्या आकृत्यांवरची नावं. टेक लाइव्हची नवी आवृत्ती दर वर्षी मार्च-एप्रिलच्या सुमारास येते आणि तिच्याआधी काही आठवडे चाचणी आवृत्ती खुली असते. त्या आठवड्यांत ही पानं नव्याने काढायची, जुन्यांवर ठेवून बघायची, जे हललं ते दुरुस्त करायचं. आमच्याकडे गुढीपाडव्याच्या मागेपुढे घरोघर कूलर बाहेर निघतात. गवत बदलायचं, पंप बघायचा, टाकीचा क्षार खरवडायचा. मागच्या वर्षी चालला होता म्हणून तसाच लावला तर मे महिन्यात ४५ अंशांवर काय होतं हे नागपुरात कुणाला समजवावं लागत नाही.

या जोडीला आणखी एक गोष्ट, तिला खर्चही नाही. महाविद्यालयीन शिक्षकाच्या पदोन्नतीत हे काम धरा. माझ्या अर्जात शोधनिबंधांना रकाना होता, परिषदांना होता. जे पॅकेज वापरून सहकाऱ्यांनी त्या परिषदांचे निबंध छापले, त्याची नोंद मी ‘इतर’मध्ये केली. तरुण प्राध्यापकाला आपण असं शिकवतो की नवं पॅकेज लिहून त्यावर निबंध छाप, जुनं सांभाळू नकोस. मग अर्धवट पॅकेजांची गर्दी होते आणि शिक्षकाला कुठलं घ्यावं ते कळत नाही. माझ्या ओळखीच्या दोन हुशार मुलांनी याच कारणाने हे काम सोडलं. दोघंही आता परगावी चांगल्या पगारावर दुसरंच काही करतात, आणि मी त्यांना चूक म्हणू शकत नाही.

अंध विद्यार्थ्यांचा विषय मला इथे घाईने उरकायचा नाही, पण आणल्याशिवाय राहवत नाही. लाटेकच्या मुख्य गटाने गेल्या काही वर्षांत असे पीडीएफ करायला घेतले आहेत की ज्यातलं सूत्र पडदा-वाचकाला (पडद्यावरचं मोठ्याने वाचणाऱ्या प्रोग्रामला) नीट वाचता यावं. इंग्रजीत हे पुष्कळ पुढे गेलं आहे. मराठीत ‘क्षेत्रफळ’ हा शब्द नुसता दिसून भागणार नाही, तो आत अक्षर म्हणून शाबूत असायला हवा, तुटक्या आकारांची रांग म्हणून नव्हे. डोळसांना नीट दिसणारं पान आतून पार चुकीचं असू शकतं, आणि ते बाहेरून कळत नाही. हे तपासायला मराठी वाचणारा, गणित समजणारा आणि पडदा-वाचक लावून ऐकायची चिकाटी असलेला माणूस हवा. हॉलंडमधला कितीही भला माणूस हे आपल्यासाठी करू शकणार नाही.

आणि मराठीच्या पलीकडचंही आहे. हे शहर वसवलं ते गोंड राजा बख्त बुलंद शहाने. गोंडी लिहिण्यासाठी बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये लिपी केली. ती २०१७ साली युनिकोड या जगातल्या लिपींच्या सामाईक यादीत आली, तिच्यासाठी गूगलच्या नोटो मालिकेतला फॉन्टही आहे. आता गडचिरोलीतल्या किंवा बालाघाटमधल्या एखाद्या शिक्षकाला त्या लिपीत पहिलीचं गणित छापावंसं वाटलं तर त्याने कुणाकडे जायचं? मराठीसाठी बसवलेली दोन माणसं हा रस्ता त्यालाही दाखवू शकतील. त्यांच्याशिवाय दुसरं कुणी मला तरी दिसत नाही.

माझं पॅकेज सध्या दोघांच्या नावावर आहे. ज्या शिक्षिकेच्या पत्राला मी सात महिने उत्तर दिलं नाही, त्यांना मी माफी मागून विचारलं, आणि त्या हो म्हणाल्या. भंडाऱ्याचे सर चाचणी पानं वाचतात. अशी पानं आमच्याकडे आज एकतीस आहेत, नववं पान त्रिकोणाच्या क्षेत्रफळाचं. मागच्या चाचणी आवृत्तीत ते नीट निघालं. सतराव्या पानावर वर्गमूळाखालचा ‘उंची’चा अनुस्वार छताला टेकत होता. सरांनी त्याचा फोटो काढून पाठवला, बाईंनी माप बदललं, मी पुन्हा पान काढून बघितलं. या तीन माणसांपैकी एकालाही या कामाचा पगार नाही, आणि माझं वय आता सदुसष्ट आहे.